बिनसुईची डॉक्टरीण

प्रिय सानिका आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर सानिका म्हणाली, "आजी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मला तुझी मुलाखत घ्यायची आहे. पण काळजी करू नको, तुझं नाव मी बदलून टाकीन." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग लसूण सोलायला बसले, पण हात चालेना. दुसऱ्याचं नाव बदलणं ही केवढी गोष्ट असते हे सानिकाला ठाऊक नाही. मला ते ठाऊक असूनही मी नुसतं "बरं" म्हणाले. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा वाक्यं लहान ठेवीन. पण ज्या बाईंबद्दल सांगायचं आहे, त्या लहान वाक्यात मावणाऱ्या नव्हत्या.

तुमची आई चौथीत होती तेव्हा बाई आमच्याकडे राहायला आल्या. जुन्या जालन्यातल्या आपल्या घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी सहा महिन्यांसाठी मागितल्या, आणि एकोणीस वर्षं राहिल्या. त्या समाजशास्त्रज्ञ होत्या. विद्यापीठातली चांगली नोकरी सोडून त्या आमच्या जिल्ह्यात गावातली गरिबी आणि शेती यांचा अभ्यास करायला आल्या होत्या. पुढे त्या अभ्यासाला जातीय अत्याचाराचा विषय जोडला गेला. तो त्यांनी निवडला नव्हता. तो आमच्या दारात येऊन उभा राहिला.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, घरातल्या प्रत्येक डब्याला आणि फाइलीला चिठ्ठी लावणारी बाई आहे. पण बाईंच्या आठवणी मला कधी ओळीत लावता आल्या नाहीत. आठवल्या की आधी त्यांचे बूट आठवतात. पुरुषी, कॅनव्हासचे, एकाची नाडी पांढरी आणि दुसऱ्याची काळी. साडी घोट्याच्या चार बोटं वर. काखेत छत्री, ती पावसातही मिटलेली, कारण उघडली की वही धरायला हात उरत नाही.

आणि पावलं मोजणं. बाई सगळं पावलांनी मोजायच्या. घरापासून बसस्टँड, विहिरीपासून चूल, शेतापासून शेत. मोजत असताना कोणी नमस्कार केला तर एक बोट वर करायच्या, म्हणजे 'थांबा, आकडा विसरेन'. गल्लीच्या तोंडाशी भाजी विकणारे चाचा त्यांना रोज छेडायचे, "क्या बाई, गल्ली लंबी हुई क्या आज?" बाई बोट वर करून पुढे जायच्या, नळाशी पोहोचून वहीत आकडा लिहायच्या, आणि तेवढ्यासाठी परत येऊन सांगायच्या, "नाही चाचा. तेवढीच आहे."

तुमचे आजोबा तेव्हा घनसावंगीकडे गुरांचे डॉक्टर होते. ज्या गावाचा बाईंनी पुढे अभ्यास केला, त्या गावात त्यांना पहिल्यांदा आजोबांच्या जीपनेच नेलं. गोदावरीपासून दोन कोसांवरचं गाव. आजोबांनी ओळख करून दिली, "ह्या डॉक्टर आहेत," आणि ते बैलांकडे गेले. तासाभराने परतले तर बाईंच्या पुढे रांग लागली होती. कोणाची पाठ, कोणाचा खोकला, कोणाचं तापलेलं पोर. बाई प्रत्येकाला सांगत होत्या, "मी औषधाची डॉक्टर नाही हो." एक म्हातारा कपाळाला हात लावून म्हणाला, "बैलाच्या डॉक्टरापाशी सुई हाय, आन् माणसाच्या डॉक्टरणीपाशी न्हाई! असं कसं हो सरकार?" त्या दिवसापासून पंचक्रोशीत त्यांचं नाव 'बिनसुईची डॉक्टरीण' पडलं. त्यांना ते फार आवडायचं. माझ्याकडून त्यांनी ते एकदा पाटीवर लिहूनही घेतलं आणि खोलीच्या दाराला लावलं.

त्यांची काम करण्याची एक रीत होती. प्रश्न विचारायचा तर अदलाबदलीने. एक माझा, एक तुमचा. आणि पहिला नेहमी तुमचा. मी एकदा त्यांच्याबरोबर गावाबाहेरच्या दलित वस्तीत गेले होते. बाई एका ओट्यावर वही घेऊन बसल्या. समोर चाळिशीची एक बाई मिश्री लावत बसली होती. तिने दात घासता घासताच पहिला प्रश्न टाकला.

"लगीन का न्हाई केलं?"

"एकाने विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "त्याला माझी चाल आवडली नाही. म्हणाला, बायकांनी हळू चालावं."

"मंग?"

"मग मी पुढे निघून गेले."

"आन् तो?"

"तो अजून मागेच असेल."

ती बाई इतकी हसली की तिला मिश्री थुंकावी लागली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "विचारा आता. काय विचारायचं ते बराबर विचारा." आणि बाईंनी विचारलं, "घरची ज्वारी वर्षातले किती महिने पुरते?" हसणं थांबलं. पण उत्तर खरं मिळालं.

संध्याकाळी त्या मला टिपणं इंग्रजीत टाइप करायला द्यायच्या, आणि माझी इंग्रजी त्यांना कधी पसंत पडायची नाही. 'ही कुटुंबं जमिनीपासून वंचित राहिली,' असं मी सफाईदार लिहिलं की त्या पेन्सिलीने बाजूला विचारायच्या, 'कोणी ठेवलं?' त्यांचं म्हणणं होतं, "प्रोफेसर, गरिबी काही आभाळातून पडत नाही. कोणीतरी हाताने करतं. तो हात वाक्यात दिसला पाहिजे." त्या मला प्रोफेसर म्हणायच्या. मी त्यांना बाई म्हणायचे.

आता गायरानाचं सांगते. गायरान म्हणजे गावाची गुरं चरायला सरकारने राखलेली जमीन. त्या गावच्या गायरानाच्या एका कडेला, खडकाळ भागात, वस्तीतली अकरा कुटुंबं ज्वारी आणि तूर पेरत होती. दगड वेचून, बांध घालून त्यांनी ते रान केलं होतं. पण तलाठ्याच्या कागदात ती जमीन 'पडीक' होती. पीक डोक्याएवढं उभं असलं तरी कागदावर पडीक. बाईंनी त्या अकरा शेतांचा नकाशा काढला. मध्ये एक जुना कडुनिंब होता. तिथून प्रत्येक बांध किती पावलांवर आहे, कोणत्या साली काय पेरलं, किती निघालं, सगळं लिहिलं.

माणसांची खरी नावं मात्र त्या कुठेच लिहायच्या नाहीत. त्यांच्या शास्त्रात ती पद्धतच आहे, सानिकाला माहीत असेलच. अभ्यासामुळे कोणावर संकट येऊ नये म्हणून नावं बदलतात. बाईंनी त्यात आपली एक भर घातली होती. खोटं नाव ज्याचं त्याने निवडायचं. त्या म्हणायच्या, "माणसाचं नाव बदलायला मी काय त्याची आत्या आहे?"

नाव निवडायचा दिवस म्हणजे गायरानावर सणच झाला. मिश्रीवाली म्हणाली, "मला कलेक्टरीण लिवा." एकाने आपल्या बैलाचं नाव घेतलं, सर्जा. एका म्हातारीने आपल्या मेलेल्या लेकीचं नाव सांगितलं, आणि तेव्हा कोणी हसलं नाही. शेवटी एक तरणा, अबोल माणूस राहिला. त्याचं शेत कडुनिंबाला अगदी लागून होतं. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला आणि म्हणाला, "मला मालक लिवा."

"काय रे, कशाचा मालक?" कलेक्टरीण म्हणाली.

"तू कुठल्या जिल्ह्याची कलेक्टर हैस?" तो म्हणाला. सगळे हसले. तोही हसला.

ही नावं टिपणांतून माझ्याकडे आली, आणि माझ्या नीटनेटकेपणाने घात केला. अहवाल इंग्रजीत छापला जाणार होता. कलेक्टरीण, सर्जा, मालक ही नावं मला विचित्र वाटली. वाचणारे विद्वान गोंधळतील, हसतील असं वाटलं. मी सगळी काढली आणि इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने सुबक नावं घातली. ए ची अनसूया, बी ची भागीरथी, सी ची चंद्रभागा, असं करत अकरावा के चा काशिनाथ. बाई तेव्हा आजारी भावाकडे गेल्या होत्या. त्यांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, मी त्यांचं काम सुधारते आहे.

पुस्तक छापून आलं. बाईंनी अंगणात उभ्या उभ्या चाळलं आणि मिटलं. "प्रोफेसर, ही नावं कोणाची?"

मी अभिमानाने सांगितलं.

त्या म्हणाल्या, "ती माझी असती तर मी काही बोलले नसते." मग आठ दिवस बोलल्याच नाहीत. पाटीवरचं 'बिनसुईची डॉक्टरीण' मात्र पुसून टाकलं. ते माझ्या अक्षरात होतं. नवव्या दिवशी दार वाजवून म्हणाल्या, "कोणाचं काय केलंत ते एका कागदावर लिहा. तारीख घाला, सही करा. आणि तुमच्या त्या फाइलीत नीट ठेवा. मग उद्या माझ्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली उभं राहून मी तो कागद वाचून दाखवला. बाई बाजूला दगडावर बसल्या होत्या. मदतीला आल्या नाहीत.

"मला अनसूया केलं?" कलेक्टरीण ओरडली. "अगं माय, अनसूया माझ्या सासूचं नाव व्हतं! मेल्यावर बी म्हातारीनं सोडलं न्हाई मला!"

रान हसलं. मलाही जरा हायसं वाटलं. मग अकरावं नाव वाचलं. तो अबोल माणूस हसला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक नाव मागितलं व्हतं बाई. तेवढं बी जड झालं?"

मी कागदाची घडी केली आणि घरी येऊन परत फाइलीत ठेवली.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, गावातल्या एका मोठ्या बागायतदाराच्या माणसांनी गायरानावरच्या हुरड्यात आलेल्या ज्वारीत गुरं घातली. वस्तीतले लोक अडवायला धावले. त्यांना काठ्यांनी मारलं. मालकाचा उजवा हात कोपरात मोडला. परत जाताना दोन खोपी पेटवल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने वस्तीतल्या बायका आमच्या दारात आल्या. कलेक्टरणीच्या कपाळावर हळद भरलेली जखम होती. ती म्हणाली, "डाक्टरीणबाई, आता तुमी प्रश्न विचारू नका. आमीच सांगतो."

बाई पंधरा दिवस लिहीत होत्या. वस्तीतल्यांचंच नाही. गावातूनही लोक एकेकटे येऊन सांगून गेले. कोणाच्या हातात काठी होती, कोणी दार लावून घेतलं, कोणी नुसतं बघितलं. एक शिंपी आला. त्याने सगळं पाहिलं होतं. आणि त्या बागायतदाराची सख्खी भावजयही आली, दवाखान्याच्या नावाखाली जालन्याला येऊन.

मग एक दिवस बागायतदाराचा मेव्हणा आला. स्वच्छ कपडे, हातात पेढ्यांचा पुडा. तुमच्या आजोबांना वाकून नमस्कार केला आणि बाईंना म्हणाला, "बाई, तुमच्या वह्या जरा बघायच्या व्हत्या. उद्या पोलीस बी मागणार हैत. त्यापरीस आपलं घरच्या घरात."

"कशाला?"

"कोन काय बोललं, तेवढंच. गावाची फुकट बदनामी होऊन राह्यली."

"हा तुमचा प्रश्न झाला," बाई म्हणाल्या. "आता माझा. गुरं कोणाची होती?"

तो हसला. "आता गुराला काय कळतंय बाई, रान कोनाचं!"

"गुराला नाही कळत. म्हणून तर कोणीतरी हाकावं लागतं."

तो उठला. दारात थांबून आजोबांना म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमची बी नोकरी आमच्याच भागात हाय." त्याची जीप सुरू झाली तशी बाई अनवाणी धावत गेल्या आणि पेढ्यांचा पुडा त्याच्या मांडीवर ठेवून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मोठं घमेलं दिसलं. त्यात ऊन पाणी होतं, आणि बाई वह्या फाडून पाण्यात टाकत होत्या. मारहाणीच्या आणि आधीच्याही, मिळून तेवीस वह्या. मी ओरडले, "अहो, हा पुरावा आहे!"

"खोटं नाव गावात तीन प्रश्नांत उघडं पडतं, प्रोफेसर. 'ती जालन्याला कधी गेली होती?' एवढं विचारलं की त्या भावजयीचं काय होईल?"

"आणि केस?"

"पुरावा त्यांच्या तोंडात आहे. कोर्टात द्यायचा तर ते देतील. त्यांच्या पाठीमागून मी देणार नाही."

आमच्याकडे बायका जुन्या कागदांच्या लगद्याची टोपली करतात, ती तुम्ही पाहिली नसेल. कागद भिजवायचा, मेथ्या वाटून घालायच्या म्हणजे कसर लागत नाही, उखळात कांडायचं, मग पालथ्या घागरीवर थापून वाळवायचं. बाईंना ते कलेक्टरणीने शिकवलं होतं. त्या दिवशी ती स्वतः आली. आम्ही तिघी दिवसभर कांडत होतो. वरचं अक्षर आधी निळं झालं, मग राखाडी, मग काहीच राहिलं नाही. माझ्या तळहाताला फोड आले. कलेक्टरीण म्हणाली, "कालिजच्या बाई, तुमी आमची नावं बदलली, आता आमी तुमचे हात बदलतो."

चौथ्या दिवशी पोलीस कागद घेऊन आले. "वह्या कुठंयत?"

"वाळताहेत," बाई म्हणाल्या, आणि गच्चीकडे बोट दाखवलं. हवालदार वर जाऊन खाली आला. "वर टोपल्या हैत, साहेब."

"हो," बाई म्हणाल्या. "तीन झाल्या."

कोर्टात वस्तीतल्या चौघांनी साक्ष दिली. मालक पहिला. मोडका हात पुढे करून त्याने एकेकाचं नाव घेतलं. गावातलं कोणी आलं नाही. काही वर्षांनी निकाल लागला. सगळे निर्दोष सुटले. मालक त्याच महिन्यात बायको घेऊन गाव सोडून गेला.

एकदा मी बाईंना स्वयंपाकघरात टोपलीसमोर उभं असलेलं पाहिलं. टोपलीच्या काठावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "वह्या असत्या तर, प्रोफेसर?" मी म्हणाले, "तर ती भावजय आज जिवंत असती का?" त्यांनी मान हलवली. ती 'हो' होती की 'नाही', ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या बसने गायरानावर गेल्या. ज्वारी पुन्हा पेरली होती. त्यांना ती मोजायची होती.

नव्वदीचं दशक अर्धं उलटल्यावर बातमी आली. गायरानावर ठरलेल्या सालाच्या आधीपासून कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावावर ती जमीन होणार. मात्र तेव्हापासून कसत असल्याचा पुरावा हवा. तलाठ्याच्या कागदात तर सगळं पडीक. कलेक्टरीण चौघींना घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "डाक्टरीणबाई, त्या पुस्तकात आमी हाव का न्हाई?"

होते. साल होतं, पीक होतं, पावलं होती. फक्त माणसं नव्हती. अनसूया, भागीरथी, काशिनाथ होते. त्या गावात या नावाचं कोणीच जमीन कसत नव्हतं. त्यांनी स्वतः निवडलेली नावं ज्या वह्यांत होती, त्यांच्या टोपल्या झाल्या होत्या. त्या रात्री मी जेवले नाही.

बाईंनी मला एवढंच विचारलं, "तो कागद आहे?"

होता. फाइलीत, चिठ्ठीसकट, तारीख आणि सहीसकट.

"मग झालं. तुमचं कागदावर आहे. बाकीचं त्यांच्या तोंडात आहे. पण नावं त्यांची आहेत. उघडायची तर ज्याची त्याने. मी एकाचंही सांगणार नाही. तुम्हीही नाही."

चौकशीला नायब तहसीलदार गायरानावर आले. तरुण होते, घाईत होते. कडुनिंबाखाली खुर्ची टाकली. पुस्तक चाळून म्हणाले, "ह्यात अनसूया म्हणून कोणी आहे. अर्जांत अनसूया कुठंय?"

"म्या हाय," कलेक्टरीण पुढे झाली.

"तुमचं नाव तर वेगळं आहे."

"ते मायबापानं ठेवलेलं. म्या ठेवलं व्हतं कलेक्टरीण. अनसूया ह्या कालिजच्या बाईनं केलं."

शिपाई फिसकन हसला. साहेब म्हणाले, "म्हणजे एका बाईची तीन नावं?"

"नावं तीन हैत, साहेब. रान एकच हाय."

मी उठले. माझा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, ही चूक माझी आहे, नावं मी बदलली, कोणालाही न विचारता. मग एकेक माणूस उभं राहिलं. आपलं निवडलेलं नाव सांगायचं, मी कागदावर बोट ठेवायचं, साहेबांनी पुस्तकातलं पान काढून विचारायचं, पहिल्या साली काय पेरलं, पाणी कुठून आणलं. सर्जा म्हणवणाऱ्याचा बैल मरून कितीतरी वर्षं झाली होती. त्याने बैलाच्या कपाळावरचा चांद कसा होता इथपासून सांगितलं. लेकीचं नाव घेणारी म्हातारी वारली होती. तिची सून उभी राहिली आणि ते नाव एवढ्या हळू बोलली की साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण पावलं हे काही माप आहे का?"

बाईंनी छत्री टेकली आणि चालायला लागल्या. पुस्तकात लिहिलं होतं, कडुनिंबापासून कलेक्टरणीच्या बांधापर्यंत एकशे दहा पावलं. बाईंचे गुडघे तेव्हा पार गेले होते. आम्ही सगळे मनात मोजत होतो. एकशे दहा झाली, बांध अजून लांब. एकशे चाळिसावर बांध आला. बाई तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. कलेक्टरीण साहेबांकडे वळली.

"पाऊल आखूडलंय, साहेब. रान न्हाई आखूडलं."

साहेबांनी कोतवालाला टेप काढायला सांगितला. पहिला बांध मोजला, फूट लिहिले, पुस्तकातल्या पावलांनी भागले. दुसरा मोजला, भागले. तिसरा. प्रत्येक वेळी उत्तर तेच, अडीच फुटांच्या जरा वर. पाचव्या बांधानंतर त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. पहिल्यांदाच बाईंकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही भलत्याच जोरात चालत होतात."

"म्हणून तर लग्न न्हाई झालं त्यांचं," कलेक्टरीण म्हणाली.

अकरावं नाव मी वाचलं तेव्हा कोणी उभं राहिलं नाही. शेत तर अगदी समोर होतं, कडुनिंबाला लागून. 'मालक' कोण हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. साहेबांनी दोनदा विचारलं. कोणी सांगितलं नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी बोट वर केलं, गल्लीत पावलं मोजताना करायच्या तसंच.

साहेबांनी महिन्याची मुदत दिली. बाईंनी तो महिना जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांमागच्या वस्त्या पालथ्या घातल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, रोज. शेवटच्या आठवड्यात तो सापडला. मीही बरोबर होते. पत्र्याच्या खोलीसमोर बसून तो डाव्या हाताने जेवत होता. बाईंनी सगळं सांगितलं. फक्त एकदा यायचं, ते नाव आपल्या तोंडाने घ्यायचं.

तो पाणी प्यायला. "बाई, कोर्टात मी माझं खरं नाव घेतलं व्हतं. त्याचं काय झालं? आता खोटं घेऊ?"

"ते खोटं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"न्हाई येत मी. तुमी बी सांगू नका."

"नाही सांगणार."

मी त्याच्यासमोर हात जोडले. म्हणाले, "भाऊ, माझ्यामुळे..." त्याने मला थांबवलं. "तुमचं काय न्हाई बाई त्यात. तुमी चूक केली, कबूल केली. ज्यांनी हात मोडला, त्यांनी काय कबूल केलं?" मग बायकोला म्हणाला, "चहा टाक. लांबून आल्या."

परत येताना रिक्षात मी बाईंना म्हणाले, "एक शब्द बोललात तर त्याच्या पोरांना जमीन मिळेल." त्या बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "त्याच्याकडे आता 'नाही' म्हणण्याचा हक्क तेवढा आहे, प्रोफेसर. तोही मी काढून घेऊ?" त्यांचं बरोबर होतं की चूक, याचा मी अजून विचार करते. तुम्हीही करा.

काही वर्षांनी गुडघ्यांमुळे बाई भावाच्या गावी गेल्या, आणि तिथेच वारल्या. जाण्याआधी त्यांनी मला बजावलं होतं, "माझ्याबद्दल कधी लिहिलंत तर माझं नाव घालू नका. मी निवडलेलं घाला." ते मी शीर्षकात घातलं आहे.

तेव्हा सानिका, माझी मुलाखत जरूर घे. पण माझं नाव तू बदलू नकोस. मला विचार, मी सांगीन ते लिही.

त्या गायरानावर दहा कुटुंबांच्या नावाचे सातबारे आहेत. कलेक्टरीण आता फार म्हातारी झाली आहे, पण दिवाळीला तूर पाठवते. कडुनिंबाजवळचा अकरावा तुकडा कोणाच्याच नावावर नाही. शेजाऱ्यांनी तो आपल्यात घेतला नाही; दरवर्षी पावसाळ्यानंतर ते त्याच्याही बांधाला माती लावतात. तीन टोपल्यांपैकी एक माझ्याकडे आहे. मी तिच्यात लसूण ठेवते.